भातातलं कडू

“मी कोण ते ओळखा, असं त्यांना विचारू नका, मी अमुक, असं सांगा.”

लीला गावडे हे म्हणाली तेव्हा मारुतीअप्पा पतंग्यांच्या खाटेभोवती नातेवाइकांचा घोळका उभा होता. हुबळीच्या एका रुग्णालयातला हाडांचा वॉर्ड, दुपारची भेटीची वेळ. मी शेजारच्या खाटेवर होतो. पाय प्लास्टरमध्ये, बघण्याखेरीज दुसरं काम नव्हतं. एकेक जण पुढे येऊन अप्पांच्या तोंडावर वाकायचा आणि विचारायचा, “ओळखलं काय? कोण मी, सांगा बघू?”

आपल्याकडे ही रीतच आहे. भेटायला आलेला माणूस आधी स्वतःचं नाव लपवतो आणि ते आजाऱ्यानं शोधून काढायचं असतं. सापडलं तर सगळे खूश. नाही सापडलं तर पदर डोळ्यांना. अप्पांचा पुतण्या दीपक, चांगला धिप्पाड, त्यांच्यापुढे छाती काढून उभा राहिला. अप्पांनी त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, “तू तिकीट तपासणारा. ढकलू नको, मी उतरतोच आहे.”

दोघं-तिघं हसले. मागून कुणी तरी म्हणालं, “डोकं गेलं की यांचं. इथं ठेवून काय करायलाय? धारवाडला पाठवा.”

हुबळीत ‘धारवाडला पाठवा’ म्हणजे वेड्यांच्या दवाखान्यात पाठवा, हे लहान पोरालाही कळतं. अप्पांचा मुलगा महेश कसनुसा हसला. “आम्ही धारवाडचेच आहोत की. केलगेरीला घर, सुभाष रोडला कापडाचं दुकान. अजून कुठं पाठवता?”

तेवढ्यात मागून लीलाचा तो खणखणीत आवाज आला. घोळका फुटला. ती खाटेच्या उशाकडे न जाता समोर, अप्पांना दिसेल अशी उभी राहिली आणि म्हणाली, “अप्पा, मी लीला. सिस्टर. तुम्ही हुबळीत दवाखान्यात आहात. मांडीचं हाड मोडलं होतं, ते बसवलंय. आता दुपार आहे.” मग नातेवाइकांकडे वळली. “असं सांगायचं. एकेकानं.”

दीपकला ते लागलं. “मग तुम्ही रोज सकाळी त्यांना आठवड्याचे वार उलटे म्हणायला लावता, ते चालतं होय?”

“मला उत्तर चुकलेलं चालतं,” लीला म्हणाली. “तुम्हाला चालत नाही.”

वॉर्डात सगळे तिला लीलाक्का म्हणत. डॉक्टरही. तिची जागा इतर परिचारिकांसारखी एका वॉर्डाशी बांधलेली नव्हती. रुग्णालयात जिथे जिथे म्हातारं माणूस भरती असेल, तिथे तिनं जायचं आणि त्याचं मन ठिकाणावर आहे का ते पाहायचं. म्हातारपणी मोठं ऑपरेशन, ताप, अपुरं पाणी, कोंडलेली लघवी, अनोळखी जागा, एवढ्यानंही शहाणासुरता माणूस एका दिवसात भरकटतो. आपण त्याला वात झाला म्हणतो, डॉक्टर डिलिरियम म्हणतात. लीलाक्का घरच्यांना म्हणायची, “हे वेड नव्हे. वेड असं संध्याकाळी चढून सकाळी उतरत नाही. कारण सापडलं की बहुतेक जातं.” यातल्या ‘बहुतेक’ या शब्दावर ती कधीच घाई करत नसे.

ती अळणावरकडच्या एका खेड्यातली. वडील महादेव गावडे भाताची शेती आणि लाकडाच्या वखारीतली मजुरी, दोन्ही करून घर चालवत. मुलगी नर्सिंग शिकली, परदेशात नोकरी करून आली, मग बेंगळुरूला म्हाताऱ्यांच्या शुश्रूषेचं वेगळं शिक्षण घेतलं. तिच्या आईला, सोनाबाईला, हे शेवटपर्यंत पटलं नाही. “म्हाताऱ्यांशी गप्पा मारायला पगार देतात? मग मला का नाही देत? मी तर जन्मभर तुझ्या आजोबांशी बोलले.” हे लीलाक्काच सांगायची आणि स्वतःच हसायची. हसणंही मोठ्यानं. कमी ऐकू येणाऱ्यांशी बोलून बोलून तिचा आवाज तसाच घडला होता. हुबळी-धारवाडच्या चिगरी बसमधून जाताना ती फोनवर बोलू लागली की अर्धी बस मागे वळून बघते, असं वॉर्डातल्या मुली सांगत.

तिचा स्वभाव गोड होता असं मी म्हणणार नाही. ती लग्नाच्या आमंत्रणाला जात नसे, बरे झालेले लोक पेढे घेऊन आले तर पेढा घेऊन लगेच पुढच्या खाटेकडे वळायची. समजूत घालताना ती शब्दांना साखर लावत नसे. पण तिच्या येण्याला एक वजन होतं. भरकटलेल्या माणसाला सगळं जग वाहत्या पाण्यासारखं दिसत असावं. त्यात ती रोज त्याच जागी, तेच शब्द घेऊन उभी राहायची. मी लीला. हा दवाखाना. ही दुपार. मी लिहिणारा माणूस, आयुष्यभर शब्दांशी झगडलो. इतके साधे शब्द कुणाला धरून ठेवू शकतात, हे मी त्या खाटेवर पडून शिकलो.

काही जण भानावर परत येत नसत. त्याच मजल्यावर धारवाडजवळच्या बेलूरच्या कारखान्यात काम करणाऱ्या एकाची आई होती. तिची नजर छतावर जी लागली ती उतरलीच नाही. तिलाही लीलाक्का रोज सांगायची, मी लीला. उत्तराची वाट पाहून पुढे जायची. एक दिवस ती खाट रिकामी दिसली. लीलाक्का तिच्यापाशी नेहमीइतकाच वेळ थांबली आणि मग आमच्याकडे आली. चेहऱ्यावरून काही वाचता आलं नाही.

मारुतीअप्पांचं असं झालं होतं. दुकानाची पायरी उतरताना पडले, हाड मोडलं, ऑपरेशन नीट पार पडलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दिवे लागले आणि अप्पा बदलले. अंगावरची चादर दोन्ही हातांत धरायची, ताणायची, सोडायची, पुन्हा धरायची. मग चादरीची कड दातांत धरून टरकन फाडायची. जखमेच्या पट्टीपर्यंत हात गेला तेव्हा कामावरच्या परिचारिकेनं घाबरून दोन्ही मनगटं खाटेच्या कठड्याला मऊ पट्टीनं बांधली. ती काही दुष्ट नव्हती. एकटी होती आणि पेशंट खूप होते. बांधल्यावर अप्पा ओरडायला लागले.

लीलाक्का सकाळी आली, बांधलेले हात पाहिले आणि पट्ट्या सोडल्या. मग खुर्ची ओढून नुसती बसली. अप्पांनी पुन्हा चादर धरली, ताणली, सोडली.

“अण्णा,” तिनं महेशला विचारलं, “तुमच्याकडे कापड कसं मोजतात?”

“मीटरनं.”

“पूर्वी?”

महेशनं वडिलांच्या हातांकडे पाहिलं. नाकाच्या शेंड्यापासून ताणलेल्या हाताच्या बोटापर्यंत. मग कडेला दातानं चीर, मग टरकन. त्याच्या लहानपणी अप्पा असंच मोजायचे. तो खाली मान घालून म्हणाला, “अरे देवा. हे तर गिऱ्हाईक करायलेत.”

दुपारी महेशनं दुकानातून मांजरपाटाचा तुकडा आणला. सोबत अप्पांचा चष्माही आणला. दवाखान्यात फुटेल म्हणून त्यानं तो दुकानाच्या खणात जपून ठेवला होता. चष्मा डोळ्यांवर आणि मांजरपाट हातांत आल्यावर अप्पा पुष्कळ शांत झाले. चादर वाचली, पट्टी वाचली. लीलाक्कानं डॉक्टरांशी बोलून लघवीची नळी काढवली, खाट खिडकीकडे तोंड करून फिरवली, अप्पांना धरून खुर्चीत बसवलं. जाता-येता ती मांजरपाटाला हात लावायची. “काही कमी करा की अप्पा.”

“एकच भाव,” अप्पा म्हणायचे.

आता उतरेल असं वाटत होतं. पण उतरलं नाही, उलट चढलं. अप्पा दुपारी सुस्त पडून राहत, तोंड कोरडं, आणि जागे झाले की भिंतीवरून माणसं चालत येताना दिसत. लीलाक्का कोड्यात पडली. डॉक्टर श्रीवत्स, वयानं तिच्याहून लहान, रोज तिच्याबरोबर उभे राहून पुन्हा पुन्हा तपासत. रक्त ठीक, ताप नाही, जखम स्वच्छ.

मग ती दुपार आली.

अप्पांची सून संगीता रोज केलगेरीहून डबा घेऊन यायची. सासू गेल्यापासून अप्पांचं सगळं तीच बघत होती. बोलणं कमी, काम चोख. त्या दिवशीही खाटेजवळ नातेवाईक होते. तिनं दहीभात कालवून घास पुढे केला. अप्पांनी तो तोंडात घेतला, थुंकला आणि वॉर्डभर ऐकू जाईल असे ओरडले, “ही माझ्या भातात विष घालते. हिला बाहेर काढा. ही मला मारणार.”

एक म्हातारी बाई हळूच, पण सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली, “वातात माणूस खोटं नाही बोलत. मनातलंच बाहेर येतं.”

संगीतानं चमचा ताटलीत ठेवला. हात पुसले. वऱ्हांड्यात ती महेशला म्हणाली, आणि दार उघडं असल्यानं आम्हा सगळ्यांना ऐकू आलं, “डबा पाठवत जाईन. पण दवाखान्यातून त्यांना मिरजेच्या अक्कांकडे न्या. घरी नको. इतकी वर्षं त्यांच्या मनात हे होतं, आणि मी त्यांना भरवत होते.”

“अगं, ते भानावर नाहीत.”

“म्हणूनच खरं बोलले.”

मिरजेला त्याची मोठी बहीण. चांगलं घर. पण अप्पांचं सुभाष रोडचं दुकान, दुकानाच्या दारातली खुर्ची, केलगेरीच्या तळ्यावरचं सकाळचं फिरणं, त्यांना नावानं हाक मारणारी माणसं, सगळं इथे. परक्या गावी, परक्या खोलीत हा माणूस पुन्हा ठिकाणावर येईल की नाही, हे सांगता येत नव्हतं. महेशनं गाडी ठरवायला फोन काढला. डॉक्टर सोडतील त्या दिवशी थेट मिरज.

लीलाक्का आली तेव्हा घोळका पांगला होता. मी तिला झालेलं सांगितलं. ती अप्पांच्या समोर बसली.

“अप्पा, मी लीला. भात कसा लागला?”

“विष.”

“विष कसं असतं? तिखट असतं काय?”

अप्पांनी तिच्याकडे पाहिलं. इतक्या दिवसांत त्यांना कुणी खराखुरा प्रश्न विचारला नव्हता. “कडू,” ते म्हणाले.

ताटली तशीच होती. लीलाक्कानं बोटाच्या टोकानं थोडा भात उचलला आणि जिभेवर ठेवला. मी तिच्या चेहऱ्याकडे पाहत होतो. ती उठली आणि खिडकीतून बाहेर थुंकली.

संध्याकाळी संगीता रिकामे डबे न्यायला आली तेव्हा लीलाक्का तिला माझ्या खाटेजवळच्या खिडकीपाशी घेऊन गेली. माझ्याकडे एक नजर टाकून तिनं पडदा ओढला. पण पडद्यानं दिसणं थांबतं, ऐकणं नाही. आणि हळू बोलणं तिला साधत नसे.

“भातात काय घालता?”

डबे खाली ठेवल्याचा आवाज आला.

“मी चव बघितली आहे.”

मग संगीता बोलायला लागली ती थांबेचना. घरी अप्पा बीपीची गोळी घ्यायला कुरकुर करतात म्हणून ती वर्षानुवर्षं केळ्यात दडवून देत होती. इथे ते रात्रभर ओरडत होते, शेजारचे पेशंट वैतागत होते, महेशचा डोळ्याला डोळा लागत नव्हता. तिला स्वतःला शिंकांचा त्रास. त्यावरची गोळी घेतली की तिला गाढ झोप येते. तीच औषधाच्या दुकानातून आणली आणि रोज कुस्करून दह्यात कालवू लागली. त्या दिवशी दही कमी पडलं. “झोपले तर बरे होतील, असं वाटलं. बाधायला ती काय मोठी गोळी आहे? मी घेते की.”

“तुम्हाला चालते. म्हाताऱ्या डोक्याला ती बाधते. तोंड कोरडं पडतं, दिवसा गुंगी येते आणि भ्रम वाढतो.”

मग संगीता अगदी बारीक आवाजात म्हणाली, “म्हणजे विषच.”

“नाही. चूक,” लीलाक्का म्हणाली. “भ्रम तुमच्यामुळे सुरू झाला नाही, आधीच होता. गोळीनं लांबला. औषधं काय काय चालू आहेत हे मी विचारलं, पण घरचं काही देता काय, हे विचारलं नाही. ती माझी चूक. डॉक्टरांना मी आता सांगणार आहे, त्यात लपवालपवी चालणार नाही. गोळी आजपासून बंद.”

“आणि यांना? अप्पांना?”

“ते तुम्ही सांगायचं. अप्पा शुद्धीवर आले की.”

“कुठल्या तोंडानं सांगू? त्यांच्या मनात माझ्याबद्दल...”

“मनातलं कुठं काय बोलले ते?” लीलाक्काचा आवाज आता पूर्ण वॉर्डाला ऐकू जाईल इतका चढला, मग तिचा तिनंच आवरला. “जिभेवरचं बोलले. कडू लागलं, ते खरं होतं. विष म्हणणं हा त्यांचा अंदाज होता, आणि अंदाज करायचं डोकं त्या वेळी ताळ्यावर नव्हतं. तुमच्यावर राग असता तर इतके दिवस तुमच्या हातचा घास तोंडात घेतला असता काय?”

संगीता डबे घेऊन गेली. मिरजेची गाडी मात्र तिनं रद्द करायला सांगितली नाही.

गोळी थांबली. डॉक्टर श्रीवत्सांनी सलाईन लावलं. पहिल्या दिवशी काही फरक पडला नाही, आणि मला वाटतं लीलाक्काही त्या दिवशी जरा धास्तावली होती. अप्पांच्या खाटेकडे ती नेहमीपेक्षा जास्त वेळा आली. मग एका सकाळी तिनं कानडीत विचारलं, “अप्पा, ऊटा आतेनरी?”

अप्पांनी चष्मा सारखा केला. “अजून चहा आला नाही, जेवणाचं काय विचारता?” मग इकडे-तिकडे पाहिलं. “हे मांजरपाट कुणाचं? आमच्या दुकानातलं दिसतंय.”

लीलाक्कानं त्यांना वार उलटे म्हणायला लावले. ते एका दमात म्हणून गेले. तिनं चादरीची फाटकी कड आत खोचली.

भानावर येणं सुखाचंच असतं असं नाही. अप्पांना तुकडे तुकडे आठवत होते, फुटलेल्या आरशात दिसावेत तसे. दुपारी लीलाक्काला म्हणाले, “मी सुनेला काही बोललो काय?”

“बोललात.”

“काय?”

“ती येईल. तिला विचारा.”

मला ते कठोर वाटलं. दोन शब्द सांगून म्हाताऱ्याचं ओझं उतरवता आलं असतं. पण ते ओझं तिचं नव्हतं, हे तिला कळत होतं. दुसऱ्याच्या वाट्याचं बोलणं आपण बोलून टाकायचं नाही, ही तिची शिस्त होती. तेवढ्यासाठी मी तिच्यापुढे मान झुकवतो.

सोडायच्या दिवशी महेश कागदपत्रं उरकून आला. खाली मिरजेची गाडी उभी होती. अप्पांना धोतर नेसवून खुर्चीत बसवलं होतं. त्यांना मिरजेचं सांगितलं होतं. ते फक्त “बरं” म्हणाले होते आणि मांजरपाटाची घडी घालत बसले होते. लीलाक्का त्यांना चालण्याचा वॉकर कसा धरायचा ते दाखवत होती. तेवढ्यात संगीता दारात आली. हातात डबा.

ती उशाकडे गेली नाही. समोर, अप्पांना दिसेल अशी उभी राहिली.

“अप्पा, मी संगीता.”

“दिसतंय की,” अप्पा म्हणाले. “चष्मा आहे.”

“दहीभात आणलाय. आज भातात काही नाही.” महेश तिच्याकडे बघायला लागला. “त्या दिवशी होतं. झोप यावी म्हणून मी गोळी कुस्करून घातली होती. ती तुम्हाला बाधली. तुम्ही कडू म्हणालात, ते खरं होतं.”

महेशच्या तोंडून “काय?” एवढंच निघालं. अप्पांनी त्याला हातानंच गप्प केलं.

“मी तुला काय म्हणालो?”

“विष घालते म्हणालात. सगळ्यांसमोर.”

अप्पांनी मांजरपाटाची एक घडी मोडली, पुन्हा घातली. “केळ्यातही घालतेस,” ते म्हणाले.

संगीताचा चेहरा उतरला. “तुम्हाला माहीत होतं?”

“बीपीची. इतकी वर्षं झाली. केळं काय कडू असतं कधी?”

“मग खात कशाला होता?”

“तू देत होतीस म्हणून.”

संगीतानं डबा उघडला, पण झाकण हातातून खाली पडलं आणि गोल गोल फिरत राहिलं. अप्पांनी स्वतःच भातात बोटं घातली, घास घेतला, सावकाश चावला.

“मीठ कमी आहे,” ते म्हणाले.

संगीता रडत होती आणि तिच्याच ध्यानात नव्हतं. ती महेशकडे वळली. “गाडीवाल्याला सांगा, मिरज नको. केलगेरीला चला.”

“पण अक्का वाट...”

“त्यांना मी फोन करते. सांगा आधी त्याला.”

महेश जिन्याकडे धावला. अप्पांनी दुसरा घास घेतला आणि डबा सुनेकडे सरकवला, तूही खा अशा अर्थानं. लीलाक्कानं वाकून जमिनीवरचं झाकण उचललं, पुसून संगीताच्या हातात दिलं, वॉकर अप्पांच्या हाताला येईल असा खुर्चीजवळ ठेवला आणि वॉर्डाबाहेर निघून गेली.